पाच मिनिटं, बारा फूट दोर आणि मूठभर हरभरे

सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेली माझी घोडी पहिल्यांदा टेम्पोत चढली ती चार माणसांच्या जोरावर. दोघं पुढून मोरकी (तोंडावर चढवायचा पट्टा, ज्याला दोर बांधतात) ओढत होते, दोघांनी मागून मांड्यांना दोर घालून रेटलं. दत्तजयंतीची यात्रा, तापीकाठी घोडेच घोडे, माणसांची झुंबड, वर लाउडस्पीकर. थांबायला कुणालाच वेळ नव्हता, आणि मलाही नव्हता. अर्ध्या तासाने ती चढली, पण फळीच्या कडेला तिची पुढची नडगी सोलून निघाली. घरी पोचल्यावर फाळका, म्हणजे टेम्पोचं मागचं झडप, उघडला तशी ती उलटी उडी मारूनच बाहेर आली. पुढचे आठ महिने लांब कुठे टेम्पोचं इंजिन सुरू झालं तरी ती तबेल्याच्या कोपऱ्यात तोंड घालून उभी राहायची.

आमच्याकडे बारामती-दौंड पट्ट्यात, म्हणजे जुन्या भीमथडीत, घोडं पाळणारी घरं अजून आहेत. त्यातल्याच एका घरी आयुष्यभर सईसकी, म्हणजे घोड्यांची देखभाल, केलेले एक म्हातारबाबा आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांना मी नडगीची जखम दाखवली. ते म्हणाले, "ओढायला लागलात तिथंच हरलात. तिचं वजन किती, तुमचं किती?"

खाली लिहिलंय ते त्यांच्याकडून, नंतर केलेल्या वाचनातून आणि बरंचसं त्या घोडीकडूनच शिकलेलं आहे. पाठीवर बसण्याचा इथे विषय नाही. जमिनीवर उभं राहून, मोरकी आणि दोर एवढ्यावर घोड्याला काय शिकवता येतं आणि कसं, एवढंच सांगतो. मान खाली घेणं, सैल दोरावर चालणं, मागे सरकणं, नालबंदाला पाय देणं आणि शेवटी टेम्पोत चढणं, हा क्रम मी ठेवला होता. तुमचं शेवटचं काम वेगळं असेल, पण क्रमातली पहिली दोन कामं बदलू नका.

शिकवण्याआधी दुखणं बघा

"ऐकत नाही" म्हणून माझ्याकडे आणलेल्या घोड्यांपैकी निम्म्यांचं तरी कुठे ना कुठे दुखत होतं. दाढेची कड धारदार होऊन गाल कापला असेल तर घोडं मोरकीला हात लावू देत नाही. पावसाळ्यात चिखलात उभं राहून खुराच्या खाचेत कुजलं असेल तर पाय उचलू देत नाही. गोमाश्या चावत असतील तर पाय आपटणारच, तो हट्ट नव्हे. तेव्हा आधी पशुवैद्याकडून दात, खूर, पाठ तपासून घ्या. धनुर्वाताची लस घोड्याला दिलेली असू द्या आणि स्वतःही घ्या. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि तबेल्यातला खिळा दोघांनाही सारखाच लागतो.

सामान

रुंद सुती पट्ट्याची मोरकी, नाकावर दोन बोटं सहज जातील इतकी सैल. सुमारे बारा फुटांचा जाड सुती दोर. नायलॉनचा नको, हातातून सरकला तर तळव्याची सालटी काढतो. हातमोजे असले तर उत्तम. बंद बूट, चप्पल अजिबात नाही. कमरेला बांधायची कंडक्टरसारखी पिशवी, तिला चेन किंवा बटण असलं पाहिजे. एक चार फुटी बांबूची काठी, टोकाला निळा प्लॅस्टिकचा चेंडू बांधलेला. चेंडूला नाक लावायला शिकलं की घोड्याला हवं तिकडे नेता येतं. निळा अशासाठी की घोड्याला लाल रंग हिरव्या गवतावर उठून दिसत नाही, निळा दिसतो. माझा पहिला चेंडू लालभडक होता. आठवडाभर मी घोडीलाच मठ्ठ समजत होतो.

दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. नागमोडी घड्या घालून मुठीत धरायचा, म्हणजे घोडं उधळलं तर घड्या सुटतील आणि बोटं शाबूत राहतील. काटेरी लगाम कुणी "रामबाण" म्हणून देऊ केला तर घेऊ नका. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्राने 1965 साली केलेल्या नियमांतच त्याला मनाई आहे, आणि शिकवण्याच्या दृष्टीनेही तो निरुपयोगी आहे. तोंड जळत असताना डोकं चालत नाही, घोड्याचंही.

बक्षीस म्हणून रात्री भिजवलेले हरभरे, किंवा गाजर. गाजराच्या गोल चकत्या करू नका, घशात अडकतात. लांब उभे तुकडे करा. एका धड्याला एक मूठ पुरते, आणि ती मूठ रोजच्या चंदीतून (खुराकातून) कमी करायची. गूळ सगळेच देतात. मीही सणासुदीला देतो, पण धड्यात नाही. गुळाला घोडं इतकं वेडं होतं की शिकायचं सोडून तुमच्या पिशवीवर तुटून पडतं.

वेळ: जितका कमी तितका चांगला

धडा पाच ते सात मिनिटांचा. दिवसातून एक, फार तर दोन, आणि दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी. हे वाचून चाचांचा नातू हसला होता, "पाच मिनिटांत काय घंटा शिकणार?" पण रोज तासभर घासण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून थोडं थोडं शिकवलेलं घोड्याला कमी धड्यांत येतं, हे पोनींवर केलेल्या प्रयोगांत दिसलेलं आहे. आणि एकदा नीट बसलेलं घोडं वर्षानुवर्षं विसरत नाही. वाईट बसलेलंही विसरत नाही, ही त्याची दुसरी बाजू. आमचा टेम्पो हे त्याचं उदाहरण.

मी मोबाइलवर सहा मिनिटांचा गजर लावतो. घोडीसाठी नव्हे, माझ्यासाठी. कारण चूक नेहमी माझीच होते. तिने एक गोष्ट झकास केली की मला वाटतं, अजून एकदा. मग अजून एकदा. चौथ्या वेळी ती कंटाळते, पाचव्या वेळी चुकते, सहाव्या वेळी माझा आवाज चढतो, आणि धडा भांडणावर संपतो. दुसऱ्या दिवशी मोरकी दिसली की ती पाठ फिरवते. तेव्हा गोष्ट एकदा चांगली झाली, दुसऱ्यांदाही झाली, की तिथेच मोरकी काढायची आणि सोडून द्यायचं. घोडी तुमच्या मागे दारापर्यंत आली तर धडा बरोबर ठिकाणी संपला असं समजा.

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. त्याआधी अर्धा तास वाळलं गवत खाऊ द्या. उपाशी घोडं जास्त शिकेल असं वाटतं, पण उपाशी घोडं फक्त हिसकावतं. दुसरं एखादं घोडं लांबून दिसत असेल तर उत्तम, एकटं पडलेलं घोडं अर्धं लक्ष खिंकाळण्यात घालवतं. जागा मोकळी, सपाट, बिनदगडाची, आणि तारेचं कुंपण नसलेली.

"बेस"

पहिला धडा एका शब्दाचा. घोड्याला "हेच, हेच बरोबर" असं नेमक्या क्षणी सांगता आलं पाहिजे. हरभरे तोंडाशी न्यायला दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात घोड्याने मान वळवलेली असते, आणि त्याला वाटतं बक्षीस मान वळवल्याचं आहे. म्हणून आधी शब्द, मग हरभरे. परदेशी पुस्तकांत ह्यासाठी जिभेने टॉक करा किंवा टिकटिक वाजणारी डबी घ्या असं सांगतात. डबी धरायला मला तिसरा हात नाही, आणि जिभेने टकटक करणं आपल्याकडे "चल" असं सांगायला वापरतात. टांगेवाल्यापासून शेतातल्या पोरापर्यंत सगळेच. म्हणून मी "बेस" हा शब्द घेतला. छोटा, ठसठशीत, आणि आमच्या बोलण्यात फारसा येत नाही. तुमच्याकडे येत असेल तर दुसरा घ्या.

कसं करायचं: घोड्याच्या खांद्याजवळ उभे राहा. ते चावरं असेल तर मध्ये आडवा बांबू असू द्या. ते काहीच करत नसताना "बेस" म्हणा आणि लगेच सपाट तळव्यावर चार दाणे द्या. असं दहा-पंधरा वेळा. हात पिशवीकडे जाण्याआधी शब्द संपला पाहिजे, नाहीतर घोडं शब्द ऐकत नाही, हात बघतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शब्द कानावर पडताच त्याचे कान तुमच्याकडे टवकारले की काम झालं.

आता ते पिशवी हुंगणार, नाकाने ढुसण्या देणार. ओरडू नका, ढकलू नका, पिशवी बंद ठेवून झाडासारखे उभे राहा. कंटाळून ते नाक बाजूला घेईल, अर्धा क्षण का होईना. त्या अर्ध्या क्षणाला "बेस", आणि दाणे त्याच्या छातीसमोर, तुमच्या अंगापासून लांब नेऊन द्या. माझ्या घोडीला हे कळायला तीन धडे लागले. मधल्या धड्यात ती आणखी बिघडली. पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, बाहीला दात लावला. आतापर्यंत जे चालत होतं ते चालेनासं झालं की जनावर आधी तेच जोरात करून बघतं. तिथे दाणे दिलेत तर तुम्ही उकरणं शिकवलंत. मी दोन पावलं मागे जाऊन उभा राहिलो. तिने मान सरळ केली, लांबवर बघितलं, "बेस".

शिंगरू आणि वळू घोडं असेल तर हा धडा कुंपणापलीकडूनच द्या. दात लावायची त्यांना सवय असते आणि खेळ कुठे संपला हे त्यांना कळत नाही.

दाब आणि सोड

आता दोराचं काम. सगळ्या लेखातलं हेच काम मी हळू वाचायला सांगेन, कारण इथे जमलं की पुढचं जवळजवळ आपोआप येतं.

मोरकीच्या खालच्या कडीजवळ दोर दोन बोटांत धरा आणि खाली दाब द्या. किती? स्वयंपाकघरात पिकलेला आंबा दाबून बघतो तितका. ओढायचं नाही, फक्त दाब धरून ठेवायचा. घोडं बहुधा मान वर करेल. हातही तिच्याबरोबर वर जाऊ द्या, दाब तेवढाच. वाढवायचा नाही, सोडायचाही नाही. कधीतरी मान एक बोटभर खाली येईल. त्याच क्षणी बोटं उघडा. दोर लोंबला पाहिजे. "बेस", दाणे.

दाबाने घोडं शिकत नाही. दाब सुटतो तेव्हा शिकतं. दाब हा नुसता प्रश्न आहे, सुटणं हे उत्तर. ज्या क्षणी दाब सुटला त्या क्षणी त्याचं अंग जे करत होतं ते त्याच्या लेखी बरोबर ठरतं. मान वर झटकताना तुमच्या हातून दोर सुटला, तर मान झटकणं बरोबर. म्हणूनच आपली बरीच घोडी मान झटकण्यात पटाईत असतात. आपणच शिकवलेलं असतं, फुकटात.

पहिल्या दिवशी मला बोटभर मान मिळाली, तीन वेळा. तिसऱ्या दिवशी ती स्वतःच्या गुडघ्यापर्यंत आली. तिथे मी आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यावर नखांनी खाजवलं. घोडी एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे. तिचा खालचा ओठ लोंबायला लागला, डोळा अर्धा मिटला, नाकातून एक लांब फुरफुर आली. हरभऱ्यापेक्षा हे बक्षीस तिला मोठं होतं. प्रत्येक घोड्याचं मोठं बक्षीस शोधून काढा. एखाद्याला खाजवणं, एखाद्याला नुसतं सोडून देणं.

ह्याच्या उलट खुणाही ओळखायला शिका. नाकपुडीवर सुरकुत्या, आवळलेले ओठ, डोळ्यावरचा त्रिकोणी ताण, शेपटीचे फटके. कान तर सगळेच बघतात. मारवाडी, काठेवाडी घोड्यांचे आत वळलेले कान फारच बोलके असतात, पण कानांवरच विसंबू नका. तोंड चावल्यासारखं करणं, जीभ फिरवणं ह्याला पूर्वी "शरण आलं" किंवा "समजलं" म्हणायचे. बहुतेकदा ते ताण उतरत असल्याचं चिन्ह असतं. म्हणजे आधी ताण होता. वारंवार दिसलं तर तुम्ही घाई करताय.

चाल, थांब, मागे

चालणं. खांद्याजवळ उभे राहा, दोर सैल. आधी स्वतः श्वास घेऊन अंग पुढे झुकवा, मग जिभेने टकटक, आणि तरच दोराला हलका दाब. ह्या क्रमाने केलं की चार दिवसांत घोडं तुमच्या झुकण्यालाच निघतं आणि दोर कामाला लागतच नाही. एक पाऊल पडलं की "बेस". पुढे तीन पावलं, मग दहा. अडून बसलं तर समोर जाऊन ओढू नका, कधीच हलणार नाही. मान जरा बाजूला घेऊन एक तिरकं पाऊल मागा. तिरक्यात तोल हलतो आणि पाय सुटतो.

थांबायला मी "होऽऽ" म्हणतो, बैलांना म्हणतात तसं. ह्यात एक घोटाळा आहे. फोनवर बायकोशी "हो, हो, हो आणतो" म्हणत चाललो की घोडी तीनदा थांबते. आता शब्द बदलायला उशीर झाला. तुम्ही "ठैर" किंवा काही वेगळं घ्या.

मागे सरकवणं सोपं. समोर थोडं बाजूला उभे राहा, मोरकीला छातीच्या दिशेने हलका दाब, एक पाऊल मागे पडलं की सोड. दोन-तीन पावलांपेक्षा जास्त मागू नका.

आठवड्याभरात "मागे" म्हटल्याबरोबर ती मागे जायला लागली आणि मी गावभर सांगत सुटलो की घोडीला मराठी येतं. मग एक दिवस दोन्ही हात खिशात घालून, मान फिरवून "मागे" म्हटलं. ती शांतपणे माझ्या शर्टाचा कॉलर हुंगत राहिली. ती शब्द ऐकतच नव्हती, माझा खांदा पुढे येतो तो बघत होती. बर्लिनमध्ये 1904 च्या सुमारास हान्स नावाच्या एका घोड्याने अशीच भल्याभल्यांची गंमत केली होती. तो खूर आपटून गणितं सोडवायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने बारकाईने तपासल्यावर कळलं की उत्तराचा आकडा आला की समोरच्या माणसाचं डोकं किंचित हलतं आणि तो तिथे थांबतो. माणसाला स्वतःला पत्ताही नसायचा. तेव्हा आधी शब्द, क्षणभर थांबून मग अंगाची खूण, असं करत राहा. शब्द पुढे आला की हळूहळू शब्दच पुरतो.

हे सगळं डाव्या बाजूने जमलं की उजव्या बाजूने पुन्हा शिकवा. आपल्याला सगळं डावीकडूनच करायची सवय असते, आणि घोड्याला उजवीकडून आलेला तोच माणूस नवा वाटतो. दुसऱ्या बाजूला निम्मा वेळ लागतो.

मागचा भाग बाजूला सरकवणंही एकदा शिकवून ठेवा. बरगड्यांवर जिथे खोगिराची रिकीब (पाय ठेवायची कडी) लोंबते त्याच्या थोडं मागे बोटांनी दाब, मागचा पाय आडवा पडला की सोड. अरुंद तबेल्यात भिंत आणि घोडं ह्यांच्यामध्ये सापडलात की ह्याची किंमत कळेल.

लांब दोरावर गोल गोल पळवणं मी मुद्दाम ठेवलेलं नाही. आपल्या "कावा" ह्या शब्दाचा एक जुना अर्थ तोच, घोड्याला वर्तुळात फिरवणं. पण हल्ली "दमलं की ऐकेल" म्हणून अर्धा-अर्धा तास फिरवतात. त्याने सांध्यांवर ताण येतो, कोवळ्या घोड्याच्या तर फारच, आणि घोडं शिकत काहीच नाही, फक्त त्याचा दम वाढतो. मग पुढच्या महिन्यात दमवायला पाऊण तास लागतो.

नालबंदाला पाय देणं

नालबंद साधारण दीड-दोन महिन्यांनी येतो आणि त्याला घाई असते. त्याच्या हातात पहिल्यांदा पाय जायच्या आधी तुमच्या हातात पन्नास वेळा गेलेला हवा.

खांद्यावर हात ठेवा, तसाच खाली न्या. गुडघ्याच्या आसपास घोडं ताठरलं तर हात उचलू नका, तिथेच थांबवा. सैल पडलं की हात काढा, "बेस". पुढच्या वेळी हात खुरापर्यंत. मग नडगीमागची शीर दोन बोटांत हलकी दाबा. वजन दुसऱ्या पायावर गेलं, एवढंच आज पुरे. पाय उचलला जाणं ही उद्याची गोष्ट. उचलला की एक सेकंद धरा आणि घोड्याने हिसकायच्या आत स्वतः खाली ठेवा. टाकू नका, ठेवा. मग दोन सेकंद, मग पाच. मध्येच हिसकावलं तर तुम्ही जास्त वेळ मागितलात, पुन्हा एका सेकंदावर या. पाय आपल्याकडे बाजूला ओढायचा नाही, त्याच्या अंगाखालीच धरायचा. बाजूला ओढला की त्याचा तोल जातो आणि त्याला पाय सोडवून घ्यावाच लागतो.

मागच्या पायांना आधी हात नको. जुन्या हातमोज्यात चिंध्या कोंबून तो काठीला बांधा आणि त्या खोट्या हाताने पुठ्ठ्यापासून (ढुंगणाच्या उंचवट्यापासून) खुरापर्यंत चोळा. लाथ बसलीच तर मोज्याला बसेल. तुम्ही मात्र पुठ्ठ्याला चिकटून, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. थेट मागे उभं राहायचं नाही. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण शेपटीमागची आणि कपाळासमोरची एक एक पट्टी दिसत नाही, आणि न दिसणाऱ्यावर ते आधी लाथ मारतं, मग विचार करतं.

पाय दहा-बारा सेकंद शांत राहायला लागला की खुरावर छोट्या दगडाने टकटक करा. आमच्या नालबंदाने पहिल्या वेळी पिछाडी बांधायला दोर मागितला. मी म्हटलं, आधी एक पाय बघा. त्याने चारही पाय बिनदोराचे केले आणि "आजारी आहे का हो?" असं विचारलं.

ताडपत्री, फळी, टेम्पो

टेम्पोत चढायला नकार देणारं घोडं वेडं नाही. अंधारी, पोकळ आवाजाची, हलणारी पेटी, परत फिरायला जागा नाही. तिथे स्वखुशीने शिरणं घोड्याच्या जातीला शोभतच नाही. तेव्हा टेम्पोचे तुकडे करायचे आणि एक एक तुकडा वेगळा शिकवायचा.

पहिला तुकडा, पायाखाली विचित्र जमीन. ताडपत्री घडी करून गवतावर ठेवली आणि निळा चेंडू तिच्या अलीकडे धरला. (चेंडूला नाक लावलं की "बेस", हे दोन धड्यांत येतं. आधी घरी करून घ्या.) मग चेंडू ताडपत्रीच्या वर, मग पलीकडे. पहिल्या दिवशी तिने नाक लावलं आणि फुस्स करून मागे गेली. जाऊ दिली, दोर सैल सोडून. मागे जायची मुभा आहे हे कळलेलं घोडं पुढे लवकर येतं. चौथ्या धड्यात एक खूर ताडपत्रीवर पडला, चुर्रर्र आवाज झाला, ती थबकली, मान खाली घातली. ती मान खाली घालणं मी मागितलं नव्हतं. तिने स्वतःच केलं, पहिल्या आठवड्यात शिकलेलं. मी उरलेली मूठ तिथेच रिकामी केली आणि मोरकी काढली. दोन मिनिटांचा धडा, आमचा सगळ्यात चांगला.

दुसरा तुकडा, पोकळ आवाज. जुनं दार जमिनीवर आडवं टाकलं, खाली विटा नाहीत. आधी एक पाय, मग दोन, मग चारही, मग वर उभं राहून मागे उतरणं. मागे उतरणं चढण्याइतकंच नीट शिकवा. अपघात उतरतानाही होतात.

तिसरा तुकडा, अरुंद जागा. भिंत आणि गवताच्या पेंढ्यांची रांग ह्यांच्यामधून चालणं, आधी सहा फूट अंतर, हळूहळू तीन.

मग टेम्पो. एका ओळखीच्याचा, सकाळपुरता, इंजिन बंद. तो शेताच्या बांधाला मागून असा लावला की फळी जवळजवळ सपाट आली. चढ जितका कमी तितकं भांडण कमी. टेम्पोचं उघडं तोंड उजेडाकडे, कारण उन्हातून अंधारात शिरताना घोड्याच्या डोळ्याला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पत्र्यावर ओलं पोतं आणि त्यावर भुसा, म्हणजे नालांचा खणखणाट नाही आणि पाय घसरत नाही. पहिल्या दिवशी आम्ही फक्त टेम्पोजवळ जाऊन परत आलो. दुसऱ्या दिवशी फळीला नाक. तिसऱ्या दिवशी दोन पाय फळीवर, मग मी स्वतः तिला मागे घेतलं, ती मागे जायच्या आत. हे महत्त्वाचं आहे. "पुरे" तुम्ही म्हणायचं. पाचव्या दिवशी ती गेलीच नाही. आदल्या रात्री वळीव झाला होता, ताडपत्री फडफडत होती, आणि मीही चिडलेलो होतो. साध्या चालण्याच्या दोन फेऱ्या मारल्या, "बेस" म्हटलं, घरी आलो. सातव्या धड्यात चारही पाय आत.

आत गेल्यावर लगेच फाळका लावू नका. आत हरभरे, बाहेर या. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मग फाळका लावा आणि लगेच उघडा. डोकं बांधायचं ते फाळका लागल्यावरच, आणि उतरवताना आधी डोकं सोडायचं, मग फाळका उघडायचा. उलटं केलं आणि घोडं मागे रेटलं तर मोरकी तुटेल, नाहीतर मान दुखावेल. गाठ नेहमी अशी की मोकळं टोक ओढताच सुटेल. पहिला प्रवास दहा मिनिटांचा, आणि परत आपल्याच दारात.

सगळं मिळून मला अडीच महिने लागले. एकूण वेळ मोजला तर आठ-नऊ तासही भरणार नाहीत.

अजूनही महिन्यातून एकदा तो टेम्पो बांधाला लावतो. घोडी चढते, हरभरे खाते, मागे पावलं टाकत उतरते, आम्ही घरी येतो. टेम्पोवाला त्याचे दोनशे रुपये खिशात घालतो आणि दर वेळी विचारतो, "नक्की कुठंच जायचं नाही ना?"